ढगातल्या पाण्याचे माप

श्रावणात वर्ध्याकडचा कास्तकार आभाळाकडे पाहतो, तेव्हा त्याला एकच विचारायचे असते : ढग आला खरा, पण त्यात पाणी आहे काय?

७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रशियातून आपला ‘भास्कर-१’ उपग्रह सुटला. त्यावरचे ‘समीर’ हे यंत्र सूक्ष्मलहरी टिपी. अशा लहरी प्रत्येक वस्तूतून निघतात, ढगातल्या थेंबांतूनही. समुद्र त्या थोड्या सोडतो, म्हणून त्याच्यावरचा पाणीदार ढग उठून दिसतो. जमीन मात्र स्वतःच भरपूर सोडते. तिच्या उजेडात ढग हरवतो म्हणा ना! म्हणजे अरबी समुद्रावरच्या ढगातले पाणी मोजता आले, सेलू-देवळीवरचे राहिले.

तोड निघाली बर्फातून. उंच ढगांच्या माथ्यावर भर उन्हाळ्यातही बर्फाचे कण असतात. जमिनीकडून वर जाणाऱ्या आखूड लहरी ते वाटेतच विखुरतात. वर जितकी तूट, तितका बर्फ जास्त. १२ ऑक्टोबर २०११ रोजी भारत-फ्रान्सचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ गेला, त्यावरच्या ‘मद्रास’ यंत्राचे हेच काम. जेमतेम सव्वा वर्षात, जानेवारी २०१३ मध्ये, ते बिघडले.

आणि श्रावणसरी देणाऱ्या बुटक्या ढगांत तर बर्फ नसतोच. तिथे ही युक्ती चालत नाही.