कॅडीचा आठवडा

गोल्फचें मैदान गाजतें तें खेळाडूच्या नांवानें. त्याच्या काठ्यांची थैली वाहणारा कॅडी कोण, हें क्वचितच कोणी विचारतें. हा खेळ इंग्रजांबरोबर इकडे आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालीं व मुंबईचा १८४२ सालीं निघाला. साहेबानें खेळावें आणि देशी पोरानें ओझें वाहावें, असा रिवाज पडला.

आज हा स्वतंत्र धंदा झाला आहे. मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यांत सोमवार-मंगळवारीं कॅडी सारें मैदान पायांखालीं घालतो, अंतरें मोजतो, हिरवळीचे उतार वहींत टिपतो. बुधवारीं सराव; गुरुवारपासून खरी कसोटी. थैलींत १४ हून अधिक काठ्या नसाव्यात, हा नियम १९३८-३९ च्या सुमारास झाला. तत्पूर्वीं ओझें याहूनहि जड असे. शुक्रवारीं सायंकाळीं छाटणी होते. खेळाडू गळाला, तर कॅडीच्या पदरीं ठरलेला मेहनताना तेवढा पडतो. टिकला, तर रविवारीं बक्षिसांतला हिस्सा. दुसऱ्याच्या एका चुकलेल्या फटक्यावर याच्या घरची चूल अवलंबून असते!

तरीहि त्याला निव्वळ हमाल म्हणतां येणार नाहीं. वारा कोणता, काठी कोणती, याविषयीं एकेरी सामन्यांत खेळाडूनें सल्ला घ्यावा तो आपल्या कॅडीचाच, असा नियम आहे. या शिक्षणाचें मोल १९९१ सालीं दिसून आलें. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेले अली शेर यांनीं त्या वर्षीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय धंदेवाईक खेळाडू होत. १९९३ सालीं त्यांनीं ती पुन्हां जिंकली. इतरांची थैली वाहतांना साठविलेलें ज्ञान, संधि मिळतांच, त्यांच्या स्वतःच्या हातीं फळास आलें.