बिनतारीची तार

जुन्या मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथी मंदिराभोवतीची जुनी घरं रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब आहेत. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. मग एकामागोमाग खोल्या, मध्ये आभाळाला उघडा चौक, शेवटी स्वयंपाकघर आणि विहीर. भिंती विटा-चुन्याच्या, चांगल्या जाडजूड. छत मद्रास टेरेस पद्धतीचं: सागवानी तुळया आणि त्यांवर चुन्यात उभ्या बसवलेल्या पातळ विटा. तंजावरहून नोकरीनिमित्त मद्रासला आलेल्या मराठी घराण्यांपैकी अनेकांनी याच भागात नाहीतर शेजारच्या मैलापुरात संसार थाटले. पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला या घरांत परकं वाटायचं कारण नाही.

परकं वाटतं ते वायफायला. फायबरची केबल पुढच्या दारातून आत येते. जोडणीला आलेला मुलगा दाराशेजारच्या प्लगजवळ राउटर ठोकतो, मोबाइलवर वेग मोजून दाखवतो आणि निघून जातो. ओट्यावर नेट सुसाट असतं. चौक ओलांडून स्वयंपाकघरात गेलं की व्हिडिओ कॉलवरचा नातू तोंड उघडं ठेवून गोठतो.

यावर हल्ली सांगितला जाणारा उपाय म्हणजे छताला लावायचा ॲक्सेस पॉइंट. ताटलीएवढा पांढरा डबा, त्याला एकच केबल आणि बारीकसा दिवा. मुळात हॉटेलं, इस्पितळं, कॉलेजं आणि ऑफिसं यांच्यासाठी घडवलेली ही वस्तू आता साधारण पाच ते दहा हजार रुपयांत घरी येते. तिची वंशावळ शोधू गेलं तर एक गोष्ट सारखी भेटत राहते. बिनतारी यंत्रांच्या शंभर वर्षांत लहरींपेक्षा जागेचीच अडचण मोठी ठरली. यंत्र ठेवायचं कुठे, आणि तिथवर तार न्यायची कुणी?

मद्रासेत बिनतारी आली ती हौसेपोटी. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनी 1924 मध्ये मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब काढला आणि त्याच वर्षी 31 जुलैला प्रक्षेपण सुरू केलं. सुरुवातीचं यंत्र अवघं 40 वॉटचं होतं. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. पैशाअभावी 1927 मध्ये क्लब बंद पडला, यंत्र मद्रास महापालिकेच्या ताब्यात गेलं आणि 1 एप्रिल 1930 पासून महापालिकाच नभोवाणी चालवू लागली. घरी सेट असणारे मोजकेच होते. बाकीच्यांसाठी मरीना किनाऱ्यावर कर्णे लावले गेले, आणि तिरुवल्लिकेणीहून मरीना म्हणजे पायी फेरफटक्याचं अंतर. या वस्तीतल्या कित्येकांनी बिनतारी पहिल्यांदा ऐकली ती अशी, उघड्यावर, चारचौघांत. पुढे 16 जून 1938 ला ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र सुरू झालं आणि सेट हळूहळू घरांत शिरले. त्यासाठी परवाना काढायचा, त्याची फी पोस्टात भरायची आणि गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये एरियलची तार ताणायची. सेट दिवाणखान्यात मिरवायचा, पण स्टेशन नीट लागायचं की नाही ते ठरायचं गच्चीवरच्या तारेवर.

आजचं वायफाय ज्या पट्ट्यात सुरू झालं त्या पट्ट्याला तेव्हा कुणी वाली नव्हता. 1947 च्या अटलांटिक सिटी परिषदेत 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी सोडल्या गेल्या. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलाच. जिथे भट्ट्या गोंगाट करतात तिथे संदेश कोण पाठवणार, असा सगळ्यांचा होरा होता. मायकेल मार्कस या अभियंत्यानं पाठपुरावा केल्यावर अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं 1985 मध्ये असे तीन पट्टे विनापरवाना संदेशवहनाला मोकळे केले. अटी दोन: शक्ती मर्यादित ठेवा आणि शेजाऱ्यांचा गोंगाट निमूट सोसा. तिरुवल्लिकेणीसारख्या दाट वस्तीत दुसरी अट आजही पदोपदी जाणवते.

या मोकळ्या पट्ट्याचा लाभ आधी घेतला तो दुकानदारीनं. एनसीआर ही पैशाच्या गल्ल्याची यंत्रं बनवणारी अमेरिकी कंपनी. मोठ्या दुकानात मांडणी बदलली की गल्ले हलत आणि दर वेळी तारा नव्यानं ओढाव्या लागत. ती कटकट टाळायला कंपनीच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी वेव्हलॅन नावाची बिनतारी जोडणी तयार केली. 1990 च्या सुमारास ती बाजारात आली. याच कंपनीतले विक हेज हे वायफायचं 802.11 मानक ठरवणाऱ्या समितीचे पहिले अध्यक्ष. 1997 मध्ये मानक ठरलं तेव्हा वेग जेमतेम 2 एमबीपीएस होता, 1999 मध्ये तो 11 झाला. भिंतींवर आपटून मागेपुढे येणाऱ्या प्रतिध्वनींची अडचण होती, तिच्यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या जॉन ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात तोड काढली. पुढच्या वेगवान वायफायची मदार अशाच तंत्रावर आहे. तेव्हा धंद्याचं यंत्र आता घरात शिरलं असं म्हणताना जपून बोलायला हवं. ते जन्मापासून धंद्याचंच होतं, घरी ते नंतर आलं.

घरी आणलं ॲपलनं. जुलै 1999 मध्ये आयबुक लॅपटॉपसोबत एअरपोर्ट नावाचं बेस स्टेशन जाहीर झालं, किंमत 299 डॉलर. मग डिसेंबर 2002 मध्ये लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी54जी आला आणि घरगुती राउटर म्हणजे काय ते जणू ठरूनच गेलं. इंटरनेटची वाट सांभाळणारा राउटर, तारा जोडायचा स्विच आणि लहरी सोडणारा ॲक्सेस पॉइंट, तिन्ही कामं एका डब्यात. स्वस्त, सोपं, लावलं की चालू. पण त्यामुळे डब्याची जागाही ठरून गेली. केबल जिथून आत येते तिथेच राउटर हवा आणि लहरीही तिथूनच सुटणार, मग ती जागा घराच्या एका टोकाला असली तरी.

ऑफिसांनी त्याच काळात उलटी वाट धरली. तिथे तिन्ही कामं वेगळी झाली. एअरस्पेस, आणि कीर्ती मेलकोटे व पंकज मांगलिक यांनी 2002 मध्ये स्थापलेली अरुबा, अशा कंपन्यांनी अक्कल एका कंट्रोलरमध्ये ठेवली आणि छतावर नुसते आज्ञाधारक डबे टांगले. शंभर डब्यांचा पासवर्ड एका जागेवरून बदलता येऊ लागला. 2003 मध्ये आणखी एक मानक आलं, तसं ते फारसं कुणाच्या तोंडी नसतं. नेटच्या केबलमधूनच 15.4 वॉटपर्यंत वीज देण्याची सोय. आता छताजवळ प्लग नको, इलेक्ट्रिशियन नको; एक केबल नेली की काम झालं. ॲक्सेस पॉइंट टेबलावरून छतावर गेला तो या केबलच्या जोरावर.

भारतात गोष्ट लांबली, कारण आपल्याकडे 1885 चा तारकायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा होता. परवान्याशिवाय लहर सोडणं गुन्हा. त्या चौकटीतही चेन्नईनं स्वतःची बिनतारी घडवली. आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटानं मिडास कंपनीबरोबर 1990 च्या दशकात कॉर्डेक्ट विकसित केलं. तांब्याची तार न ओढता घरात फोन आणि इंटरनेट आणायची ही पद्धत. वेग 35 किंवा 70 केबीपीएस. तिथेही भिंतीवर अँटेना लागे, तिला मनोऱ्याकडे तोंड करून बसवावं लागे आणि तिथून घरात तार आणावी लागे. वायफायचा पट्टा 2002 मध्ये इमारतीच्या आत वापरायला मिळाला आणि जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झ सगळीकडे परवानामुक्त झाला. योगायोग असा की बीएसएनएलची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली तीही त्याच महिन्यात. ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचाही मोठा पट्टा मोकळा झाला.

मधल्या काळात उघड्या वायफायनं एक धडा दिला, तो महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवत असेल. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल गेला, आणि तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. तोवर पासवर्ड ही ऐच्छिक बाब होती. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं ही ऑफिसातली रीत घरालाही हवीशी वाटू लागली ती अशा घटनांनंतर.

ऑफिसच्या यंत्राची किंमत उतरवण्यात मोठा वाटा ॲपलमध्येच काम केलेल्या एका माणसाचा आहे. रॉबर्ट पेरा तिथे वायफायच्या चाचण्या करत. लहर नियमांच्या मर्यादेत राहूनही आणखी लांब जाऊ शकते हे त्यांनी हेरलं आणि युबिक्विटी कंपनी काढली. तिनं आधी गावोगावच्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांना गच्चीवरच्या अँटेना विकल्या. मग 2010-11 च्या सुमारास युनिफाय आणलं: शंभर डॉलरच्या आतला ॲक्सेस पॉइंट आणि महागड्या कंट्रोलरच्या जागी साध्या संगणकावर चालणारं फुकट सॉफ्टवेअर. पुढे टीपी-लिंकनं ओमाडा आणि अरुबानं 2019 मध्ये इन्स्टंट ऑन आणून बाजार आणखी खाली ओढला. 2020 च्या टाळेबंदीत घर हेच ऑफिस झालं, तेव्हा ऑफिसची वस्तू घरात यायला वेगळं निमित्त लागलं नाही.

तिरुवल्लिकेणीत तिला दोन प्रकारची गिऱ्हाइकं आहेत. एक इथली मॅन्शनं, म्हणजे नोकरीच्या, परीक्षेच्या नाहीतर सिनेमाच्या ओढीनं शहरात आलेल्या एकट्या पुरुषांची पिढ्यान्‌पिढ्यांची राहण्याची सोय. एका बोळात ओळीनं खोल्या, आणि रात्री प्रत्येक खाटेवर एक पेटता मोबाइल. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून तिथे एका दांडग्या राउटरपेक्षा मजल्यागणिक एक छोटा ॲक्सेस पॉइंट बरा. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मंदिराजवळची लांब घरं. दोघांनाही माल मिळतो अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीटवर, आपल्या मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या या चेन्नईतल्या भावंडाकडे.

तिथला विक्रेता आधी विचारतो, 'किती अँटेनाचा देऊ?' हा प्रश्न बाजूला ठेवावा. राउटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी मोबाइलला उत्तर द्यायचं असतं, आणि त्याची ताकद तुटपुंजी. दोन जाड भिंतींतून ते उत्तर परत येत नाही, मग पडद्यावर सगळ्या कांड्या दिसत असूनही पान उघडत नाही. 5 गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीची, वेगवान पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी. 2.4 ची लहर साधारण दुप्पट लांब. ती भिंत जास्त बरी ओलांडते, पण तिच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. तेवढ्यात सगळ्या गल्लीनं भागवायचं.

काम प्रत्यक्षात असं होतं. कंपनीचा डबा दाराशीच राहू द्यायचा, फक्त त्याचं वायफाय बंद करायचं. तिथून कॅट-6 केबल तुळईच्या कडेनं पट्टीतून चौकापर्यंत न्यायची. भिंतीला भोक पाडायची घाई करू नये; नेहमीचा ड्रिल बिट या भिंतीत अर्ध्यावरच संपतो आणि चुना भुसभुशीत होऊन गळत राहतो. जुन्या दारांच्या वर हवेसाठी झरोका असतो, केबल त्यातून जाते. ॲक्सेस पॉइंट चौकाच्या कडेच्या छतावर, पत्र्याच्या कपाटापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर. चौक उघडा असल्यानं लहर तिथून चारी बाजूंच्या खोल्यांत दारं-खिडक्यांतून शिरते आणि भिंती फोडायचं काम पुष्कळच कमी होतं. घर फारच लांब असेल तर दुसरा डबा मागच्या सोप्यात, त्यालाही केबलच. दोघांना नाव आणि पासवर्ड एकच. शक्ती मध्यम ठेवायची, नाहीतर मोबाइल पुढच्याच डब्याला चिकटून बसतो. कुठल्या डब्याशी बोलायचं हे शेवटी मोबाइल ठरवतो.

बिनतारीनंच दुवा साधणारे मेश संच आहेत आणि सोयीचे आहेत. पण त्यांचा आपापसातला दुवाही त्याच भिंतींतून जातो, म्हणून या घरांत ते अर्धंच काम करतात. सिमेंटच्या दोन खोल्यांचा फ्लॅट असेल तर यांतलं काहीच नको. राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवला तरी भागतं.

तेव्हा जुन्या, लांब घरात राहत असाल, मग ते तिरुवल्लिकेणीत असो की सदाशिव पेठेत, तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी चांगली केबल आणि ती नीट ओढणारा माणूस, मग मध्यम किमतीचा ॲक्सेस पॉइंट आणि सगळ्यात शेवटी इंटरनेटचा वरचा प्लॅन. बहुतेक घरांत त्या तिसऱ्या खर्चाची वेळच येणार नाही.