मातीचे देणे

फराळाच्या ताटात आगाशीची सुकेळी आली, तर ती तोंडात टाकण्यापूर्वी क्षणभर हातात धरून पाहावी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी तयार होतात. उन्हाने त्यांतले पाणी नेले. पण वसईच्या मातीतून केळीने उचललेले पालाश आणि स्फुरद आतच राहिले. म्हणजे सुकेळीबरोबर आपण वसईची चिमूटभर मातीच खातो म्हणा ना!

वसईचा इतिहास म्हटला की आपल्याला किल्ला आठवतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली, पुढे इंग्रज आले. बुरुजावरची निशाणे बदलली. किल्ल्याबाहेरच्या वाड्यांत मात्र देण्याघेण्याचा एक वेगळाच हिशेब चालला होता.

एक टन केळी बाजारात गेली की कित्येक किलो पालाश वाडीबाहेर जाते. ते परत न भरले तर माती रोडावणारच. वाडीवाला हे पुस्तकातून शिकला नव्हता; पण घड उतरल्यावर केळीचे खांब आणि पाने तो वाडीतच कुजू देई. शेणखत घाली, पेंड घाली आणि सुक्या मासळीचे खतही घाली.

मासळीचा केळीशी संबंध काय? वसईच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी. दर पावसाळ्यात डोंगरावरचा पालापाचोळा आणि मातीचा कस या वाटांनी समुद्राला मिळतो. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती त्यावर वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासळी. कोळ्याच्या जाळ्यातून ती किनाऱ्यावर आली आणि तिचे खत झाले, की डोंगराचे गेलेले धन केळीच्या बुंध्याशी परत पोचले! याच धनासाठी १८४० नंतर युरोपातल्या शेतकऱ्यांनी पेरूच्या बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजे भरभरून आणली. तीही मूळची मासळीच. वसईकराला ती घरच्या किनाऱ्यावर मिळत होती.

पाण्याचेही तसेच. वाडीतल्या बावखलात पावसाचे पाणी साठे, जमिनीत मुरे आणि विहिरीला मिळे. रहाटाने ते वर काढून वाडीला दिले, तरी त्यातले काही पुन्हा खाली झिरपे.

मग १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली लोकल निघाली. केळी, भाजी, फुले, दूध, सारे काही मुंबईस जाण्याची सोय झाली. वसईकराच्या हाती पैसा आला, मुले शिकली. त्याचे मोल कमी कसे म्हणावे? पण शहराने खाल्लेल्याचा कस परत वाडीत आला नाही. तो गटारांतून समुद्रात गेला. शहरे शेतीचा कस गिळतात, ही तक्रार त्याच शतकात लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ करीत होता. पुढे विहिरींचे पाणीही टँकरने जाऊ लागले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी चळवळ उभारली. फादर २०२४ साली गेले. बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा तर पाणी मुरण्याची जागाच गेली.

घरे हवीत, हे खरेच. पण ज्या मातीवर ती उभी राहतात तिचे देणे फिटत नाही, तोवर हिरवी वसई केवळ आठवणीत उरेल. उरलेले प्रत्येक बावखल राखणे, ओला कचरा गाडीत न टाकता कुजवून वाडीला देणे, हा त्या देण्याचा पहिला हप्ता.

तुमच्या मुलांनी अंगणात किल्ला केलाच असेल. दिवाळी सरली की त्याची माती रस्त्यावर फेकू देऊ नका. त्यावर उगवलेल्या हळीवासकट ती तुळशीच्या बुंध्याशी घाला, आणि फराळातल्या केळ्यांच्या सालीही तिथेच पुरा. किल्ला कुणी जिंकला हे मुलांना पाठ असते. माती कुणी राखली, हेही त्यांना कळू दे.