आसाममधील परकीयविरोधी चळवळ

आसाममधील परकीयविरोधी चळवळ (१९७९–८५) : परकीय कोणास म्हणावे, याबाबत राष्ट्राची व प्रदेशाची दृष्टी एकच नसते, हे दाखविणारी भारतातील एक महत्त्वाची चळवळ. यांदाबूच्या तहाने (१८२६) आसाम ब्रिटिशांकडे आला. पुढे तेथील न्यायालयांत व शाळांत बंगाली भाषा चालू करण्यात आली. असमियाला ते स्थान १८७३ मध्ये परत मिळाले. आपली भाषा लोपेल, ही धास्ती तेव्हापासूनची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मैमनसिंग इ. जिल्ह्यांतील शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील पडीक जमिनींवर येऊन वसले. महसूलवाढीसाठी सरकारने प्रथम त्यांना उत्तेजन दिले. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते आणि १९५१ च्या जनगणनेत त्यांतील पुष्कळांनी आपली मातृभाषा असमिया नोंदविली. उलट बराक खोऱ्यातील बंगाली भाषकांनी १९६० च्या राजभाषा अधिनियमास विरोध केला. सिल्चर येथे १९ मे १९६१ रोजी झालेल्या गोळीबारात ११ जण मरण पावले.

मंगलदोई मतदारसंघाच्या याद्यांत परकीयांची नावे असल्याच्या तक्रारींवरून १९७९ मध्ये अखिल आसाम विद्यार्थी संघटनेने आंदोलन सुरू केले. तशातच १९८३ ची निवडणूक रेटण्यात आली. १८ फेब्रुवारी रोजी नेली परिसरात सुमारे १,८०० माणसे मारली गेली, असे अधिकृत आकडे सांगतात. मृत मुख्यतः पूर्व बंगालमूळाचे मुसलमान होते. जनगणनेत असमिया म्हणवून घेतल्याने या समाजाला संरक्षण मिळाले नाही. चळवळीच्या इतिहासातील हा सर्वांत काळा भाग होय.

आसाम करारानुसार (१५ ऑगस्ट १९८५) २५ मार्च १९७१ रोजी वा त्यानंतर आलेले सर्व परकीय, त्यांचा धर्म कोणताही असो, घालवून द्यावयाचे ठरले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. त्यांत बंगाली हिंदूही होते. त्याच वर्षीच्या नागरिकत्व (सुधारणा) अधिनियमाने पाकिस्तान, बांगला देश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. देशात अन्यत्र मुसलमानांना वगळल्याबद्दल टीका झाली, तर आसामात मुख्य आक्षेप कोणालाही सामावून घेण्यास होता. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी कराराला आधारभूत असलेले कलम ६-अ बहुमताने वैध ठरविले. २०१९ चा अधिनियमही, सहाव्या अनुसूचीतील जनजातीय क्षेत्रे वगळून, राज्यात लागू आहे.