दप्तर, लिपी आणि संकेतावली

लिपी बदलण्याचा प्रसंग लेखनाच्या इतिहासात वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न उभा राहतो: मजकूर नव्या रूपात उतरला खरा, पण तो तोच राहिला काय? मोडी दप्तरांच्या अभ्यासकांस हा प्रश्न परिचित आहे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नाही. बाळबोधीत उतरवताना तो नकलकारास स्वतःच्या ज्ञानाने ठरवावा लागतो. संगणकातील दप्तराची, म्हणजे डेटाबेसची, संकेतावली बदलतानाही असाच विवेक लागतो, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो.

संगणक अक्षर जाणत नाही, अंक जाणतो. कोणता अंक कोणत्या अक्षराचा, याविषयीचा करार म्हणजे संकेतावली. अमेरिकेतील १९६३ च्या ॲस्कीत १२८ जागा होत्या; देवनागरीस त्यांत स्थान नव्हते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या 'इस्की'ने ही उणीव भरून काढली. परंतु तीत कन्नड 'क' आणि देवनागरी 'क' यांचा अंक एकच होता; लिपी कोणती, हे निराळ्या खुणेने सांगावे लागे. सीमाभागातील दुभाषी दप्तरात ती खूण गळाली, तर केवळ अंकांवरून लिपीचा निर्णय होणे नाही. १९९१ सालीच आलेल्या युनिकोडने दोन्ही लिप्यांस स्वतंत्र जागा दिल्या. पुढे १९९२ साली केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धती रचली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणून २५५ बाइटांच्या रकान्यात ८५ च चिन्हे मावतात.

खरा अनर्थ होतो तो खोट्या शिक्क्यामुळे. मजकूर यूटीएफ-८ चा आणि डेटाबेसवर शिक्का 'लॅटिन-१'चा, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. लिहिणारा व वाचणारा दोघेही तोच शिक्का मानीत असल्याने दोष वर्षानुवर्षे दिसत नाही. रूपांतराच्या वेळी यंत्र शिक्क्यावर विश्वास ठेवते, आणि एका 'म'ची तीन युरोपीय चिन्हे होतात. ही हानी बहुधा उलट क्रियेने भरून निघते, कारण मूळ बाइट शोधता येतात. मात्र देवनागरीस जागाच नसलेल्या संकेतावलीत मजकूर ओतला, तर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते; त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही.

म्हणून आधी प्रत राखावी. मग शिक्का न पाहता प्रत्यक्ष बाइट तपासावेत. शिक्का खरा असेल तरच थेट रूपांतर करावे. तो खोटा असेल, तर रकाना प्रथम निव्वळ बाइटांचा करून त्यावर खरा शिक्का मारावा. शेवटी नवा मजकूर उलट फिरवून जुन्याशी ताडून पाहावा.

नावांवरही विसंबू नये. मायएसक्यूएलमधील 'यूटीएफ८' ही जुनी संकेतावली चिन्हामागे ३ च बाइट स्वीकारी. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या चिन्हांस ४ बाइट लागतात. त्यांस २०१० साली आलेली 'यूटीएफ८एमबी४' हवी. तसेच मराठी 'ॲ'ला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वी तो 'अ' व चंद्र जोडून लिहिला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांस सारखी, पण यंत्रास भिन्न. एक शोधले असता दुसरे सापडेलच असे नाही.

वडोदरे, इंदूर येथील मोडी कागदांच्या सूच्या उद्या याच रकान्यांतून वाचल्या जातील. कागदाला लागलेली वाळवी निदान दिसते. संकेतावलीचा दोष मात्र मूळ प्रत नष्ट झाल्यावरच पुष्कळदा उघडकीस येतो. म्हणून ताडून पाहिल्यावाचून जुनी प्रत पुसू नये, हेच आमच्या मते या इतिहासाचे सार होय.