चोविसाव्या फ्रेटची दंतकथा

गेल्या दिवाळीत मी भाच्याला एक सल्ला दिला. त्याला पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती आणि दुकानात त्याचं मन २४ फ्रेटच्या एका गिटारवर बसलं होतं. मी मामाच्या अधिकाराने मान हलवली. "ही नको रे, २२ फ्रेटवाली बघ. त्यात मानेजवळचा पिकअप बरोब्बर चोविसाव्या फ्रेटच्या जागी येतो. तिथे उपस्वराचा बिंदू असतो, म्हणून तो गोड वाजतो." हे वाक्य मी वीसेक वर्षं लोकांना ऐकवत आलोय. पोरगं बिचारं काही न घेता घरी गेलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "मामा, पण तार दाबली की तो बिंदू सरकणार ना?"

मी म्हटलं, नंतर बोलू. (उत्तर नसलं की मी नेहमी हेच म्हणतो.) ताई हा ब्लॉग वाचते, तेव्हा आधीच कबूल करतो की पोराचं बरोबर होतं. आता जरा सविस्तर.

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की खालच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. म्हणजे पिकअप हा कान आहे, पण असा कान की जो तारेच्या एकाच ठिकाणाला चिकटून बसलेला आहे. आणि तार काही सगळीकडे सारखी हलत नाही. मूळ स्वरासाठी ती मध्यावर सर्वांत जास्त हलते, घोडीजवळ जेमतेम. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलत असते. तेच उपस्वर. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तो पाचवा. या प्रत्येकाचे काही बिंदू मुळीच हलत नाहीत (शाळेत यांना निस्पंद बिंदू म्हणायचे). कान नेमका अशा बिंदूवर बसला, तर त्याला तो उपस्वर ऐकूच येत नाही.

मग हा कान कुठे बसवायचा हे कोणी ठरवलं? मला वाटायचं, कुणा इंजिनिअरने गणित मांडलं असणार. इतिहास वाचला तर बरंचसं जागा कुठे शिल्लक होती यावर ठरलेलं दिसतं.

पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये विकायला काढलेली 'फ्राइंग पॅन'. ॲल्युमिनियमची, दिसायला खरंच तव्यासारखी, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. तिचा पिकअप म्हणजे घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक, तारांच्या वरून कमान टाकलेले. तो घोडीच्या बाजूला होता. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

मधल्या काळात, १९३६ मध्ये, गिब्सनने ईएस-१५० आणली. ही पोकळ पोटाची, नेहमीसारखी धरून वाजवायची गिटार आणि तिचा पिकअप थेट मानेच्या टोकाशी. आवाज जाड, गोल, कडा घासून काढल्यासारखा. चार्ली ख्रिश्चन ही गिटार घेऊन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात गेला आणि तोवर मागे बसून ताल धरणारं हे वाद्य सॅक्सोफोनच्या शेजारी उभं राहून बोलायला लागलं. १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. त्या पिकअपला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे मला फार आवडतं. हवाईयन गिटारी बनवून झाल्यावर त्याने १९५० मध्ये भरीव लाकडाची साधी गिटार काढली, तीच १९५१ पासून टेलिकास्टर. तिचा घोडीजवळचा पिकअप तिरका आहे. जाड तारांचा आवाज घोडीपासून जरा लांबून उचलला जातो, म्हणून त्यांना भरीवपणा मिळतो. बारीक तारांचा अगदी जवळून, म्हणून त्या चरचरीत होतात. चार बोटांच्या तिरकेपणाने काय होतं ते १९६९ ला वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सच्या हातात उलटं दिसलं. तो डावखुरा, गिटार उजव्या हाताची, उलटी धरून तारा बदललेल्या. त्यामुळे पिकअपचा कलही उलटा, जाड तारा घोडीजवळून उचललेल्या आणि बारीक तारा लांबून. त्याचा आवाज त्याच्या हातांचा होताच, पण थोडा या अपघाताचाही होता.

१९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप होते आणि खटका तीन जागांचा, म्हणजे एका वेळी एकच कान. वाजवणाऱ्यांनी खटका दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवायला सुरुवात केली. दोन कान एकदम उघडले, आणि दोन ठिकाणचं ऐकणं एकमेकांत मिसळून तो पोकळ, काचेसारखा आवाज आला. डायर स्ट्रेट्सचं १९७८ चं 'सुलतान्स ऑफ स्विंग' आठवा, तोच तो. फेंडर कंपनीने पाच जागांचा खटका दिला १९७७ मध्ये. तेवीस वर्षं गिऱ्हाईक पुढे आणि कारखाना मागे!

असो. आता चोविसावा फ्रेट.

स्ट्रॅटची तार घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर. चोविसावा फ्रेट असता तर तो घोडीपासून पाव अंतरावर, १६२ मिलिमीटरवर आला असता, आणि मानेजवळचा पिकअप साधारण तिथेच आहे. इथवर माझी दंतकथा खरी. पण मोकळ्या तारेत तिथे चौथा उपस्वर हलतच नाही, म्हणजे पिकअप तो ऐकत नाही. गोडवा कसला, वजाबाकीच ती! पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलं की तारेचा पाऊण भाग उरतो, पिकअप तिच्या एक तृतीयांशावर येतो, आता तिसरा उपस्वर गायब. बाराव्या फ्रेटवर तर तो तारेच्या बरोब्बर मध्यावर येतो आणि दुसरा, चौथा, सहावा सगळे गप्प. तिथला आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ का लागतो ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मग मानेजवळचा पिकअप जाड का वाजतो? कारण सरळ आहे, तिथे तार जास्त हलते. मी कागदावर करून पाहिलं. घोडीपासून ४ सेंटिमीटरवरच्या पिकअपच्या मानाने १६२ मिलिमीटरवर मोकळ्या तारेचा मूळ स्वर साधारण साडेतीन पट मोठा भरतो. २४ फ्रेटच्या गिटारीत पिकअपला घोडीकडे सरकावं लागतं, म्हणून ती जरा उजळ वाजते. माझं निरीक्षण बरोबर होतं, कारणमीमांसा साफ चुकीची.

गंमत म्हणजे गणिताचा हा भाग गिटारीहून फार जुना. तार जिथे छेडाल तिथे ज्याचा निस्पंद बिंदू असेल तो उपस्वर उठत नाही, हे थॉमस यंगने १८०० मध्येच सांगितलं होतं. छेडायच्या जागेचा नियम तोच ऐकायच्या जागेचा. आणि १९२१ मध्ये कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की आपला तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. रुंद, वक्र घोडीवर तार घासत राहते, त्यामुळे निस्पंद बिंदूवर छेडूनही तो उपस्वर उमटतो. तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावणाऱ्या आपल्या कारागिरांना हे कानाने ठाऊक असणार. गिटारीची घोडी मात्र धारदार, ती यंगचं निमूट ऐकते.

भाच्याने संक्रांतीला ती २४ फ्रेटचीच गिटार घेतली. घरी आल्या आल्या पट्टी लावून मोजलं. मानेजवळचा पिकअप घोडीपासून साडेतेरा सेंटिमीटर. रात्री त्याने दोन सुरांचं रेकॉर्डिंग पाठवलं, खाली लिहिलं होतं, "मामा, ती पोकळ जागा बाराव्यावर नाहीये. पंधराव्यावर सापडली."