गिऱ्हाईक नाकारणे

पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला, तो कोण आहे एवढ्याच कारणावरून, माल, सेवा, जेवण किंवा निवारा देण्यास धंदेवाल्याने नकार देणे. उधारी थकवणाऱ्याला माल न देणे किंवा धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर काढणे यात मोडत नाही. तो नकार वागण्याला असतो. येथे विचार आहे तो जन्म पाहून दिलेल्या नकाराचा.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : अस्पृश्यतेच्या काळात गावचा न्हावी अस्पृश्यांची हजामत करीत नसे, हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी असे आणि दुकानदार जिन्नस हातात न देता वरून टाकीत असे. पैसा मात्र त्याच हातांचा घेतला जाई. १९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पुढाऱ्यांत होते आणि नोव्हेंबरमध्ये शहरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज यांनी, इतरत्र उतरू न दिल्या जाणाऱ्या वारकऱ्यांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने अनुसूचित जातींवरील सामाजिक बंधने दूर करणारा एक आणि मंदिरप्रवेशाचा दुसरा, असे दोन कायदे केले.

बाजार सर्वांचा असतो, ही जाण या प्रदेशाला त्याआधीपासून होती. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आडत्याचा धंदा खाजगी राहिला, पण तो कसा करायचा याला नियम लागू झाले.

संविधान व कायदे : अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे कोणालाही बंद करता येत नाहीत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शंकांना उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे सांगितले : मागेल त्याला सेवा देण्यासाठी उघडलेली जागा ते दुकान. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हाच व्यापक अर्थ खाजगी शिक्षणसंस्थांनाही लावला. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ ने वऱ्हाडचे दोन्ही कायदे रद्द करून देशभर एकच कायदा आणला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी व ज्या अटींवर माल किंवा सेवा दिली जाते तशीच ती अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारल्यास एक ते सहा महिने कैद व दंड आहे. दोषी व्यावसायिकाचा परवानाही रद्द होऊ शकतो.

बहिष्कार : मालकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारे म्हणतात, की एकाने नाकारले तर दुसऱ्याकडे जावे, नुकसान नाकारणाऱ्याचेच. शहराच्या बाजारपेठेत हे काही अंशी खरे असेल. पण गावात न्हावी एक, पिठाची गिरणी एक आणि किराणा दुकाने दोन असतात. सगळ्यांनी मिळून पाठ फिरवली, की माणसाचे जगणेच अडते. म्हणून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

अनिर्णित प्रश्न : खाणेपिणे व भाषा यांचा उल्लेख अनुच्छेद १५(२) मध्ये नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. त्यामुळे घर नाकारण्याचा प्रश्न दुकानापेक्षा अवघड राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, स्वतःच्या श्रद्धेविरुद्धचा मजकूर रचण्याची सक्ती संकेतस्थळ रचणाऱ्यावर करता येत नाही, असे म्हटले. मजकूर नाकारणे आणि माणूस नाकारणे यांतला हा भेद विचारात घेण्याजोगा आहे.

निष्कर्ष : व्यावसायिकाला दर, वेळ व शिस्तीचे नियम ठरवण्याचा हक्क आहे, मात्र ते सर्वांना सारखे हवेत. रस्त्याकडे तोंड करून दुकान उघडणाऱ्याने समोर येणाऱ्याची जात किंवा धर्म विचारणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग नाही. भारतीय कायद्याच्या दृष्टीने तो अन्याय आहे.